आवाज ठेव, बुरूज काढ

चर्चच्या पाळकसाहेबांची मोटारसायकल खर्ड्याच्या रस्त्याला लागली तसा आबांनी डोळ्यांवरचा काळा चष्मा काढून खिशात ठेवला. मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं म्हणून वस्तीवर आभाराची प्रार्थना ठेवली होती. प्रार्थना झाली, मटण-भाकरी झाली, पाहुणे पांगले. राहिले ते घरचे, आणि घरच्यासारखाच असलेला शेजारचा अजिनाथ.

"आराधना, लाव गं तुझा सिनेमा," आबा म्हणाले. "इतके दिवस नुसता आवाज ऐकत होतो. आज बघणार आहे."

आबांच्या थोरल्या लेकीने, दीनाने, खिडक्यांवर गोधड्या टांगल्या. तिच्या धाकट्या भावाने, स्टीफनने, पुण्याहून येताना प्रोजेक्टर आणला होता. भिंतीसमोर मांडून तो वायरी जोडत बसला. मधला जेम्स, जो आईआबांपाशी राहून शेती बघायचा, दाराशीच उभा राहिला. वाटणीच्या वेळी या दोन भावांची तोंडं जी फिरली होती ती अजून पुरती सरळ झाली नव्हती. एका खोलीत दोघं असले की एकजण दाराशी असायचाच.

भिंतीवर अक्षरं उमटली, 'घळीतले शेजारी', आणि दीनाने पदराचं टोक मुठीत धरलं. लेकीचं, आराधनाचं, हे काम तिने तुकड्यातुकड्यांनी पाहिलं होतं, सलग कधीच नाही. वस्तीमागचा माळ संपतो तिथे एक घळ आहे, घळीच्या कपारीत तरसं राहतात. आराधना त्यांच्यासाठी दोन वर्षं आजोळी येऊन राहिली होती. ऊन म्हटलं नाही, थंडी म्हटली नाही, पोरगी घळीच्या काठाला चिकटून बसलेली. आणि इकडे केडगावच्या शाळेत दुसऱ्यांच्या पोरांना व्याकरण शिकवता शिकवता दीना मनात म्हणायची, देवा, हिला काही चावू देऊ नको.

सिनेमाच्या सुरुवातीलाच एक जळकी कपार दिसली. कुणीतरी आत काटक्या पेटवून धूर केला होता. मग दुसरी कपार, आणि तिच्या तोंडाशी एक तरसाची मादी, पट्ट्यापट्ट्यांची, पुढून उंच न् मागून खचलेली. तिच्या पायांत दोन पिल्लं धडपडत होती. आबा पुढे सरकून बघत होते. नव्या डोळ्यांनी त्यांना पिल्लांच्या मिशासुद्धा दिसत होत्या, आणि दिसल्याचं ते प्रत्येक वेळी मोठ्याने सांगत होते.

मग भिंतीवर दीनाची आई आली. शेरडांमागे हिंडून बांधावर टेकलेली, हातात काठी, मागे कलत्या उन्हात खर्ड्याच्या किल्ल्याचा बुरूज.

"ह्ये रोज सांजच्याला माझ्या म्होरून जातं," भिंतीवरची आई सांगत होती. "मी म्हन्ते, निघालास का कामाला? लोकं भितात त्याला. अगं, मेलेलं ढोर कोन उचलतं? ह्यो उचलतो. गावचा झाडूवालाच म्हना की. आन् पगार न्हाई, रजा न्हाई, वर शिव्या!"

खोली हसली. खरी आई मात्र तोंडावर हात ठेवून स्वतःकडे बघत राहिली. चर्चच्या मंडळीतल्या सगळ्या बायकांना तिने केव्हाच सांगून ठेवलं होतं, मी सिनेमात हाय म्हणून.

गोधड्या उतरल्या, उजेड आला. आबांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. आणि हीच वेळ साधून स्टीफनने त्याची बातमी सांगितली. एका कंपनीला हा सिनेमा हवा होता. मोबाईलवर त्यांचं ॲप होतं, लोक वर्गणी भरून त्यावर बघत.

"देशभर दिसेल, आबा. देशाबाहेरसुद्धा."

"फारच छान!"

"अट एवढीच की दुसरीकडे कुठेही दाखवायचा नाही. आणि निवेदन हिंदीत करायचं."

आराधनाचा चेहरा उतरला. "मामा, मी तो नेटवर मोकळा टाकणार होते. कुणीही बघावा. फुकट."

"फुकट!" स्टीफन म्हणाला. "फुकटचं लोक जेवताना लावतात आणि भाजीत मीठ कमी पडलं की बंद करतात. पैसे मोजले की शेवटपर्यंत बघतात. आणि तुला पुढचा सिनेमा काढायचाय ना? तो काय हवेवर काढणार?"

"पण शिकण्यासारख्या गोष्टीला कुलूप लावायचं म्हणजे..." आबा म्हणाले. "मी जन्मभर शाळा केली. दाराबाहेर कुणाला बसवलं नाही."

आता जेम्स भाचीच्या बाजूने बोलणार, हे सगळ्यांनीच धरून ठेवलं होतं. स्टीफनने पूर्व म्हटलं की जेम्स पश्चिम म्हणायचा. पण जेम्स म्हणाला, "फुकट न्हाई टाकायचा."

"का रे मामा?" आराधनाने विचारलं.

"गेल्या साली पाझर तलावावर रोहित पक्षी उतरले हुते, ठावं हाय ना? एका पोरानं मोबाईलवर टाकलं. रविवारी तळ्यावर ह्या गाड्या! एकानं तर त्यांच्या डोक्यावर ड्रोन सोडलं. पाखरं उठली ती पुन्हा बसली न्हाईत." जेम्स आत आला. "ती पाखरं तरी उडून गेली. हिला पिल्लं हायती. ती कुटं जाईल?"

"अरे, मी तेच म्हणतोय!" स्टीफन म्हणाला.

"तू पैशाचं म्हनतोयस."

"असेना. पण एकच म्हणतोय ना?"

जेम्सने क्षणभर विचार केला आणि तो स्टीफनच्या बाजेवर, त्याच्याशेजारी टेकला. दीनाने आईकडे पाहिलं. आईनेही ते पाहिलं होतं. ज्या गोष्टीसाठी दोघी मायलेकी प्रत्येक रविवारी प्रार्थना करत होत्या, ती अशी तरसाच्या पाठीवर बसून येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

आबांनीही मान हलवली. "जेम्सचं खरं आहे. माझी शाळा वेगळी. तिथे पोरं आली तर भिंती पडत नव्हत्या."

"आराधना, ऐक की मामांचं," दीना म्हणाली. तिलाही मनातून तेच हवं होतं. लेकीचं नाव मोठ्या ठिकाणी झळकावं, शाळेतल्या बायांना सांगता यावं, यात वाईट काय?  आराधना उठली आणि मागच्या दाराने गोठ्याकडे गेली.

मग अजिनाथही उठला. "निघतो गुरुजी. कोयत्याला धार लावायचीय. परवा टोळी निघती."

आईने त्याला डब्यात मटण बांधून दिलं. उंबऱ्याशी चप्पल घालता घालता तो दीनाला हळूच म्हणाला, "ताई, मंग आमाला कोपीवर न्हाई दिसायचा ना ह्यो पिक्चर?"

ऊसतोडीच्या अड्ड्यावर, पाचटाच्या त्या खोपीत, ॲपची वर्गणी कोण भरणार होतं? "नाही दिसायचा," दीना म्हणाली.

"माज्या भावाला, वैजूला, दावायचा हुता. सुरवातीला जळकी कपार दिसली बघा, ती त्यानंच पेटवली हुती. आमचा वैजनाथ वाईट न्हाई ताई. त्याला कुनी सांगितलंच न्हाई कवा." आणि तो डबा सांभाळत बांधाने निघून गेला.

दीना गोठ्याकडे गेली. आराधना शेळीच्या पिल्लाला मांडीवर घेऊन बसली होती. डोळे लाल.

"कपार वैजनाथने पेटवली, तुला माहीत होतं?"

"म्हणून तर केला ना सिनेमा." आराधनाने नाक पुसलं. "वर्गणी भरून बघणारे बघतील, चुकचुकतील आणि झोपतील. त्यांच्यातल्या कुणी कपारीत धूर केलाय? ज्यांनी केलाय ते निम्मं वर्ष कोपीवर असतात. त्यांना हिंदी नको, ॲप नको. त्यांना आजीचं बोलणं पाहिजे."

"मग तिथे गप्प का बसलीस? सांगायचंस."

"कारण जेम्स मामा पण खरं बोलतोय, आई. उद्या पिल्लांभोवती गाड्या लागल्या तर मी स्वतःला काय सांगू? एक बाजू खोटी असती तर भांडले असते मी."

दीनाने पिल्लाच्या कपाळावरून बोट फिरवलं. वर्गात एखादं वाक्य अडलं की ती पोरांना म्हणायची, सगळं वाक्य खोडू नका, नेमका कुठला शब्द टोचतोय तो शोधा.

"जेम्सला सिनेमाची भीती नाही," ती म्हणाली. "पत्त्याची आहे. ऊठ."

गोधड्या पुन्हा खिडक्यांवर चढल्या. दीनाने जेम्सला पुढच्या खुर्चीवर बसवलं. "समज तू परका आहेस. पहिल्यांदाच बघतोयस. ही जागा कुठली हे ज्यावरून कळेल, तिथे थांब म्हण."

"थांब!" सिनेमा सुरू होतो न होतो तोच जेम्स ओरडला. "पवनचक्की. त्या डोंगरावरच्या हायेत ह्या."

आराधनाने कागदावर खूण केली. स्टीफन प्रोजेक्टरपाशी बसला होता. मान खाली घालून तो जेम्स थांब म्हणाला की थांबवत होता आणि चल म्हणाला की चालवत होता. मैलाचा दगड गेला. कोपऱ्यातलं करंजाचं वाकडं झाड गेलं. आबांनी तर एसटीच्या पाटीवरचं डेपोचं नाव लांबून वाचलं आणि ऑपरेशनचे पैसे वसूल झाल्याचं जाहीर केलं. जेम्सला हळूहळू त्यात गोडी लागली. "हा धोंडा राहू दे, असले धोंडे समद्या जिल्ह्यात हायेत," असं तो उदार होऊन सांगायला लागला.

चहाला थांबले तेव्हा स्टीफन अंगणात एकटाच उभा होता. दीना कप घेऊन त्याच्यापाशी गेली.

"मी त्यांना हो म्हणून बसलोय, अक्का," तो म्हणाला. "मला कुणी विचारलं पण नाही."

"विचारायला हवं होतं. चुकलं आमचं."

"या घरात जेम्सने विहीर खणली, तू सगळ्यांची शिक्षणं बघितलीस. मी फक्त सणाला येतो आणि जेवून जातो. वाटलं, एकदा तरी माझ्या हातून काहीतरी व्हावं." त्याने चहाचा घोट घेतला. "मी पोरीचं वाईट चिंतत नव्हतो."

"मला माहीत आहे रे. पण ऐक, कोपीवर नेटवर्क कसं असतं? एक काडी असते, एक काडी नसते. तिथे न अडकता चालेल असा सिनेमा कुणी करून द्यायचा? ते ना जेम्सला येणार ना मला."

स्टीफनने चहा संपवला. आत जाऊन आराधनाला म्हणाला, "मूळ फाईल दे मला. बारीक करून देतो. आणि कंपनीचं मी बघतो."

मग ते आईच्या जागेवर येऊन ठेपले.

बांध, शेरडं, काठी, आई. आणि तिच्या खांद्यावरून, जणू मुद्दाम फोटोला उभा राहावा तसा, खर्ड्याचा बुरूज. जेम्सने तोंड उघडलं आणि मिटलं. कुणीच थांब म्हणेना. भिंतीवरची आई बोलत राहिली, शिव्यांपर्यंत आली, संपली.

"म्हना की थांब," आईच म्हणाली. "माजं तोंड बघून कुनाला कळायचं न्हाई, पन बुरूज कोन वळकनार न्हाई?"

"आजी, आपण परत काढू," आराधना घाईने म्हणाली. "उद्या सकाळी. दुसऱ्या जागी बस, हेच बोल."

सकाळी आई नाताळात नेसायची जांभळी साडी नेसून, केसांना तेल लावून शेळ्यांच्या गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली. आराधनाने मान डोलावली आणि आई सुरू झाली.

"तरस हा एक उपयुक्त प्राणी आहे. तो मृत जनावरे खातो. आपण त्याचे रक्षण केले पाहिजे."

आबांना ठसका लागला. जेम्स तोंड फिरवून शेळ्या मोजायला लागला.

"आजी, असं नाही. कालच्यासारखं."

"कालच्यासारकंच तर बोलले." आईने पुन्हा करून पाहिलं. या वेळी तिने 'सर्वांना माझा सलाम' असं सुरुवातीला जोडलं. तिसऱ्यांदा तर ती मध्येच अडकली आणि आबांकडे बघून म्हणाली, "तुमी हसू नका, मला इसरायला हुतं."

कॅमेरा खाली ठेवून आराधना तिच्यापाशी जाऊन बसली. "राहू दे आजी. जुनंच ठेवू. बुरूज पुसट करता येतो का बघते."

"पुसट केला की लोकं मुद्दाम बघत्यात. झाकलेलं दिसलं की झाकन उचलायचंच." आईने जांभळ्या साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. दीनाला वाटलं, आता आई रागावून उठणार. सगळ्या मंडळीला सांगून बसलेली बाई. पण ती घळीच्या दिशेला बघत होती. "ह्या वयात माजं तोंड दावून मला काय मिळवायचंय? बोलनं बरं हाय का माजं?"

"बोलणंच तर सगळ्यात भारी आहे."

"मंग आवाज ठेव, बुरूज काढ. आन् बुरजासंगं मलाबी काढ. त्या जागी तिला दाव, पिल्लंवालीला. ती चालंल, मी बोलंल."

तसंच झालं. आईच्या बोलण्यावर मादी संधिप्रकाशात बांध उतरताना दिसू लागली, आणि 'निघालास का कामाला?' या वाक्याला ती नेमकी मान वळवून बघायची. आराधना म्हणाली, हे मी आधी का केलं नाही? स्टीफनने कंपनीला नाही कळवलं. कंपनीने दोन ओळींत बरं म्हटलं आणि विषय मिटला. त्यातून मिळाले असते ते पैसे बुडालेच, आराधना पुढचा सिनेमा कशावर काढणार हा प्रश्न अजून तसाच होता, आणि स्टीफन तो अधूनमधून विचारायचाही. पण सिनेमाची फाईल त्याने इतकी हलकी करून दिली की आराधनाने ती नेटवर मोकळी टाकल्यावर एका काडीवरही पळाली.

नाताळच्या सुट्टीत दीना वस्तीवर आली त्या संध्याकाळी अजिनाथचा फोन आला. मागे पोरांचा कालवा, कुठेतरी बैलांच्या गळ्यातली घुंगरं.

"मावशी कुटं हाय? मावशीला द्या!" तो ओरडत होता. जेम्सने फोन मोठ्या आवाजावर टाकला. "मावशे, समद्या अड्ड्यानं पाह्यला! तुजा आवाज आला न् आपल्याकडची समदी वराडली, एस्तेरबाई, एस्तेरबाई! दुसऱ्या टोळ्यांतली इचारत्यात, तुमाला कसं ठावं? आमी म्हनलं, न्हाई सांगत जा."

"आणि वैजनाथ?" आराधनाने विचारलं.

"वैजू? उठून गेला. पन दोन दिसांनी फड तोडताना कोल्हीनीचं बीळ लागलं. पोरं दगडं घेऊन धावली, तर ह्योच कोयता आडवा धरून हुबा. म्हनला, तेवढा तुकडा सांजच्याला तोडू, तवर ती पिल्लं हलवंल."

आराधना अंगणात निघून गेली. दीना तिच्यामागे गेली नाही. काही वेळा पोरीला एकटीलाच हसू द्यावं.

दुसऱ्या दिवशी दीना आणि आई नाताळचा बाजार करून फाट्यावर जेम्सची वाट बघत बसल्या होत्या. पिशव्यांत रवा, साखर, कंदिलाचे रंगीत कागद. एवढ्यात एक पांढरी गाडी येऊन थांबली. आत एक तरुण जोडपं होतं, आणि मागच्या सीटवर तोफेसारखी भिंगं लावलेले कॅमेरे.

काच खाली करून मुलीने विचारलं, "आजी, इकडे तरस कुठे दिसतं हो? नेटवर एक सिनेमा आहे ना, त्यातल्या आजींचं बोलणं इकडच्या भागातलं वाटतं. पार जामखेडपासून विचारत आलोय आम्ही."

आईने उत्साहाने तोंड उघडलं. दीनाने तिच्या कोपराला घट्ट धरलं. आईला एकदम उमगलं आणि तिने पदर तोंडाशी दाबून धरला.

"तिला आत्ता बोलता येत नाही," दीना म्हणाली. "आणि मी केडगावची. मला इथलं काही सांगता यायचं नाही."

"अरेरे, सॉरी हं आजी." मुलीचा चेहरा खरोखर कळवळला. "त्या सिनेमातल्या आजी इतकं गोड बोलतात ना! मी त्यांच्यासाठी तीनदा बघितला तो. त्यांना नुसतं भेटायला मिळालं असतं तरी चाललं असतं."

आईचे डोळे पदरावरून मोठे मोठे झाले. दीनाच्या मुठीतला तिचा कोपर सुटायला बघत होता, शब्द आतून धडका देत होते. पण आईने ओठ उघडले नाहीत. तिने फक्त हात लांब केला आणि सगळी घळ, सगळी वस्ती पाठीमागे टाकून, सरळ नगरच्या रस्त्याकडे बोट दाखवलं.

"थँक्यू आजी!" गाडी वळली, धुरळा उडाला.

धुरळा बसला तरी आई गप्पच. दीनाने वाकून पाहिलं. "आई? गेली गाडी."

"दम धर," आई पदराआडून म्हणाली. "वळून आली म्हंजी?"

रस्ता अगदी मोकळा झाल्यावर तिने पदर खाली घेतला, पिशवी मांडीवर ओढली आणि लांब बघत, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल विचारावं तसं विचारलं, "काय म्हनली गं ती? गोड?"

"गोड म्हणाली."

"तीनदा?"

"तीनदा."

"पुन्यांदा सांग," आई म्हणाली.